गॅसवरचा हॉट एअर हीटर: मशीन ठरवण्याआधी जागा ठरवा

सोलापुरात गॅसवर चालणारा हॉट एअर हीटर ऊब मिळावी म्हणून कुणी बसवत नाही. इथे तो लागतो रंगवलेलं सूत वाळवायला आणि पावसाळ्यात टॉवेलची ओल काढायला. अक्कलकोट रोड एमआयडीसी असो की चिंचोळी, लाकडाची भट्टी काढून गॅसकडे वळायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती लाख किलोकॅलरीचं मशीन घेऊ?’ आमच्या मते हा दुसरा प्रश्न आहे. ज्योत कुठे पेटणार, ती हवा कुठून घेणार आणि धूर कुठे सोडणार, हे आधी ठरायला हवं. टॉवेलच्या शेडमध्ये दोन गोष्टी हमखास असतात: हवेत उडणारा कापसाचा फ्लफ (सुटलेले बारीक तंतू) आणि जमिनीतली गटारं. गॅसच्या ज्योतीजवळ दोन्ही घातक आहेत, आणि मशीन कितीही महागडं घेतलं तरी जागेची चूक ते भरून काढत नाही.

एलपीजीची वाफ हवेच्या दीड ते दोन पट जड असते. गळती झाली की ती वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही. जमिनीवर पसरते, उतार धरते आणि रंगाच्या पाण्याच्या नालीत, केबलच्या चरात, नाहीतर जुन्या मागाच्या खड्ड्यात जाऊन बसते. हवेत तिचं प्रमाण साधारण दोन टक्के झालं की ठिणगीने भडका उडतो. १९ किलोच्या एका सिलिंडरमधून साधारण साडेआठ घनमीटर वाफ होते. ती हवेत सगळीकडे सारखी मिसळली तर चारशे घनमीटर हवा पेटण्याजोगी होते. १० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ४ मीटर उंच शेडचा आकार एवढाच भरतो.

म्हणून आमचा आग्रह एकच आहे: ज्योत आणि सूत एका खोलीत नकोत. शेडच्या बाहेरच्या भिंतीला लागून हीटरची वेगळी खोली बांधा आणि आत फक्त गरम हवेचा डक्ट (हवा वाहून नेणारी मोठी नळी) न्या. खोलीची भिंत नऊ इंची विटेची, छप्पर पत्र्याचं, दार बाहेर उघडणारं आणि थेट मोकळ्या आवारात निघणारं. शेडच्या बाजूला डक्टशिवाय एकही भोक नको. ‘कामगाराला ये-जा करायला बरं’ म्हणून ठेवलेलं आतलं दार दिवसभर उघडंच राहतं, आणि फ्लफ तिथूनच बर्नरकडे येतो. खोलीची जमीन बाहेरच्या आवाराच्या पातळीला किंवा थोडी वर ठेवा. तळघर किंवा दोन पायऱ्या उतरून जायची खोली एलपीजीसाठी वापरूच नये. मशीनच्या तिन्ही बाजूंना किमान एक मीटर आणि बर्नरसमोर दीड मीटर मोकळं सोडा, नाहीतर पुढे बर्नर बाहेर काढून साफ करता येणार नाही, आणि जे साफ करता येत नाही ते कुणी करत नाही. निर्मात्याच्या पुस्तिकेत यापेक्षा जास्त अंतर दिलं असेल तर तेच पाळायचं.

छताला लटकवायचे छोटे हीटर मिळतात. गोदामात किंवा पॅकिंगच्या जागी ते चालतात, पण वळण्या-विणण्याच्या खात्यात नकोत. कापसाचा तंतू पेटायला साधारण चारशे अंश सेल्सिअस लागतात आणि हीटरची ज्योत त्याहून कितीतरी गरम असते. फ्लफ ज्योतीत ओढला गेला तर जळता कण गरम हवेबरोबर पुन्हा शेडमध्येच येतो.

१८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. कारखानदाराचं कुटुंब त्याच इमारतीत राहत होतं. त्या आगीचा गॅस हीटरशी संबंध जोडायचा आमचा हेतू नाही. पण खाली कारखाना आणि वर बिऱ्हाड ही मांडणी सोलापुरात बरीच आहे. अशा इमारतीत हीटर बसवायचा असेल तर रात्रपाळीला तो चालवू नये, आणि ज्या खोलीखालून किंवा शेजारून डक्ट किंवा चिमणी जाते तिथे कुणी झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस त्याने जागा होत नाही.

आता आकाराचा हिशेब. समजा एका घाणीला, म्हणजे एका वेळच्या मालाला, ५०० किलो सूत आहे. हायड्रोमधून, म्हणजे फिरवून पाणी काढणाऱ्या यंत्रातून, काढल्यावर त्यात साठ टक्के पाणी उरतं, म्हणजे ३०० किलो. आठ टक्क्यांपर्यंत वाळवायचं तर २६० किलो पाणी उडवायचं. चार तासांत ते व्हायला हवं असेल तर तासाला ६५ किलो. एक किलो पाण्याची वाफ करायला पुस्तकात ५४० किलोकॅलरी लागतात. पण भिंती तापतात, ओली हवा बाहेर सोडावी लागते, म्हणून प्रत्यक्षात हजार धरा. म्हणजे तासाला ६५,००० किलोकॅलरी. एलपीजीच्या एका किलोत साधारण ११,००० किलोकॅलरी असतात. थेट ज्योतीच्या हीटरला तासाला सहा किलो गॅस लागेल, आणि हीट एक्स्चेंजर (धूर हवेत न मिसळता धातूच्या भिंतीतून उष्णता देणारा भाग) असलेल्याला, पंचाऐंशी टक्के कार्यक्षमता धरली तर, सात किलो.

थेट ज्योतीच्या हीटरमध्ये जळालेल्या गॅसचा धूर त्याच गरम हवेत मिसळतो. इंधन वाचतं हे खरं. पण एक किलो एलपीजी जळाला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं. तासाला सहा किलो जाळले तर जवळपास दहा किलो पाणी तुम्ही परत त्याच खोलीत सोडता. ६५ किलो काढायचं आणि १० घालायचं, हा सौदा पावसाळ्यात जाणवतो. शिवाय धुरातल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडमुळे सॉफ्टनर लावलेला पांढरा माल पिवळसर पडू शकतो. आणि ज्या खोलीत कामगार सतत आत-बाहेर करतात तिथे धूर मिसळलेली हवा नकोच. सोलापूरच्या कामाला आम्ही हीट एक्स्चेंजर आणि चिमणीवालाच हीटर योग्य मानतो.

तासाला सात किलो हा आकडा धरून सिलिंडरकडे वळा, कारण बहुतेक नियोजन इथेच फसतं. सिलिंडरमधला द्रव गॅस वाफ होताना स्वतःच थंड होतो. १९ किलोचा सिलिंडर सतत चालवला तर तासाला अर्धा ते एक किलोच वाफ देतो. सरासरी सातशे ग्रॅम धरले तर सात किलोसाठी दहा सिलिंडर एकाच वेळी जोडलेले हवेत, आणि बदलीला आणखी दहा. जोडले चारच, तर तासाभरात त्यांच्यावर दव आणि मग बर्फ धरतो, दाब उतरतो, बर्नर विझतो. मग कुणीतरी सिलिंडरवर उकळतं पाणी ओततं किंवा तो आडवा पाडतं. दोन्ही जिवावर बेतणारं आहे. आडव्या सिलिंडरमधून द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि बर्नरपाशी अडीचशे पट फुगतो.

इथेच कायदाही आड येतो. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे परवान्याशिवाय १०० किलोपर्यंतच एलपीजी ठेवता येतो. १९ किलोचे पाच सिलिंडर झाले की ९५ किलो भरले. पाच सिलिंडर मिळून तासाला साडेतीन किलो देतात, म्हणजे तुमच्या गरजेच्या निम्मे. त्यापुढे पेसोचा, म्हणजे स्फोटक आणि ज्वलनशील पदार्थांवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचा, परवाना लागतो. पेसोचं मुख्य कार्यालय नागपूरला आहे. सिलिंडर बँकेची (एकत्र जोडलेल्या सिलिंडरच्या रांगेची) मांडणी आयएस ६०४४ या मानकाप्रमाणे आखून घ्या. एवढ्या वापराला द्रव गॅस काढणारे मोठे सिलिंडर आणि विजेवरचा व्हेपोरायझर (द्रव गॅस तापवून त्याची वाफ करणारं यंत्र) हाच नीट उपाय आहे. तो गॅस कंपनीच्या माणसाकडूनच बसवून घ्यावा.

बँक उघड्यावर, जाळीच्या पिंजऱ्यात, वर पत्रा पण चारही बाजू मोकळ्या. सोलापूरचा पारा उन्हाळ्यात बेचाळीसच्या वर जातो, म्हणून सावली हवीच. चारही बाजूंनी भिंती बांधून ‘सुरक्षित’ केलेली बँक मात्र गळतीच्या वेळी गॅसची टाकी होते. तीन मीटरच्या आत गटाराचं तोंड, चेंबर, बोअर, विजेचा बोर्ड किंवा गाड्या लावायची जागा नको.

पाइप सी क्लासचा, म्हणजे लाल पट्ट्याचा जीआय किंवा सीमलेस. शक्य तिथे वेल्डिंग, चुडी फक्त व्हॉल्व्हपाशी. सफेदा-सुतळी पाण्याच्या नळाला ठीक, गॅसला नाही: सुतळी वाळते, आकसते आणि वर्षभराने चुडी गळायला लागते. गॅससाठीची जाड टेफ्लॉन टेप किंवा गॅसचं सीलंट वापरा. भिंतीतून जाताना पाइपला बाहेरून मोठा पाइप घाला, आतल्या पाइपला भिंतीत जोड नको. केबलच्या चरातून गॅसचा पाइप कधीही नेऊ नका. खोलीच्या दाराबाहेर, हाताला लागेल अशा उंचीवर एक पाव वळणाचा बॉल व्हॉल्व्ह आणि त्यावर पिवळ्या रंगात ‘गॅस बंद’ अशी पाटी. आग लागली तर आत न जाता गॅस तोडता आला पाहिजे. बर्नरजवळ लवचिक जोड लागतोच. तिथे रबरी नळी नको, स्टेनलेसची जाळीदार नळी लावा.

नंतर गॅस ट्रेन, म्हणजे बर्नरच्या आधी पाइपवर ओळीने बसवलेली उपकरणं. क्रम असा: हाताचा व्हॉल्व्ह, फिल्टर, रेग्युलेटर, कमी दाबाचा स्विच, जास्त दाबाचा स्विच, आणि एकापाठोपाठ दोन सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारे, वीज गेली की बंद होणारे). दोन का? एकाच्या सीटवर कचऱ्याचा कण अडकला तर दुसरा तरी बंद होतो. पाइपमधला गंज आणि वेल्डिंगची खपली इथेच येऊन बसते, म्हणून नवा पाइप जोडण्याआधी हवेने फुंकून घ्या. एका सोलेनॉइडवर पैसे वाचवायला सांगणारा कोटेशनवाला बदला.

पाइपची चाचणी हवेने किंवा नायट्रोजनने, काम करायच्या दाबाच्या किमान दीडपट दाबाने. ऑक्सिजन कदापि नको. चाचणीआधी गॅस ट्रेन तोडून ठेवा. तीस मिलिबारवर चालणाऱ्या रेग्युलेटरवर दोन बारचा दाब दिला की आतला पडदा फाटतो, आणि तो फाटलाय हे बाहेरून दिसत नाही. दाब दिल्यावर तापमान स्थिर व्हायला पंधरा मिनिटं थांबा, मग वाचन घ्या. उन्हात पाइप तापला तर दाब वाढतो आणि बारीक गळती झाकली जाते. म्हणून ही चाचणी सकाळी करा. कमी दाबाच्या भागाला पारदर्शक नळीचा यू आकाराचा पाण्याचा मॅनोमीटर पुरतो: तीस मिलिबार म्हणजे तीनशे मिलिमीटर पाणी. शेवटी प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी.

हवा आणि चिमणी हा विषय लोक सगळ्यात हलका घेतात, आणि माणसं मात्र यानेच मरतात. सात किलो एलपीजी जाळायला, थोडी जादा हवा धरून, तासाला सुमारे १२० घनमीटर हवा लागते. तिच्यासाठी खोलीच्या बाहेरच्या भिंतीत दोन झरोके ठेवा, एक जमिनीपासून ३० सेंटीमीटरच्या आत, दुसरा छतापासून तेवढ्याच अंतरात. प्रत्येकाचं मोकळं क्षेत्र दर किलोवॅटला साडेपाच चौरस सेंटीमीटर. आपला बर्नर ९० किलोवॅटचा, म्हणजे प्रत्येकी जवळपास ५०० चौरस सेंटीमीटर. लोखंडी लूव्हर (तिरक्या पट्ट्यांची झडप) लावला तर त्यातलं पंचाहत्तर टक्केच मोकळं राहतं, म्हणून भोक २६ बाय २६ सेंटीमीटरचं करा. खालचा झरोका गळलेल्या गॅसलाही वाट देतो. दोन्ही एकाच भिंतीत ठेवा. समोरासमोरच्या भिंतींत ठेवले तर पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा खोलीतून आरपार जातो आणि ज्योत हलवतो. बारीक डासाची जाळी लावू नका, फ्लफने ती महिन्याभरात वाकळेसारखी होते. सहा मिलिमीटरची जाळी आणि आठवड्याला एकदा ब्रश.

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे. इथली हवा पाचेक टक्के विरळ असते. किनारपट्टीवर सेट करून आणलेला बर्नर इथे तसाच चालवला तर ज्योतीला हवा कमी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. बर्नरचं सेटिंग जागेवरच, धुराच्या मीटरने करून घ्या. धुरात ऑक्सिजन चार ते पाच टक्के आणि कार्बन मोनॉक्साइड १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत शंभर भागांच्या) खाली यायला हवा. नुसतं ‘निळी ज्योत आहे ना’ एवढ्यावर सही देऊ नका.

चिमणी सरळ वर जाणारी, आडवा तुकडा कमीत कमी, आणि असलाच तर मीटरला २० मिलिमीटर चढ. तीन मीटरच्या परिघात जे काही सगळ्यात उंच असेल त्यापेक्षा किमान ६० सेंटीमीटर वर. शेजारच्या गाळ्याचा उंच पत्रा या हिशेबात धरायचा, तो बहुतेक विसरला जातो. वर टोपी आणि पारवे शिरू नयेत अशी जाळी. हीटर चार महिने बंद राहिला की चिमणीत घरटं होतंच. पत्र्यातून जाताना भोवती मोकळी जागा ठेवून वरून कॉलर. ताडपत्री किंवा डांबर गुंडाळू नका.

शेडमधले एक्झॉस्ट पंखे चिमणीचा धूर उलटा खेचू शकतात. याची चाचणी साधी आहे. सगळी दारं लावा, सगळे पंखे सुरू करा, हीटर पाच मिनिटं चालू द्या आणि चिमणीच्या सांध्याशी, हीटरच्या खोलीच्या दाराच्या फटीशी पेटलेली उदबत्ती धरा. धूर खोलीत परत येत असेल तर हवेचे झरोके अपुरे आहेत. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या फॅक्टरी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कामाच्या जागी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने ५० पीपीएम होती. २०० पीपीएमला दोन-तीन तासांत डोकं दुखतं, १६०० ला तासा-दोन तासांत माणूस दगावतो. वाळवणीच्या खात्यात दोघा-तिघांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं तर उन्हाला दोष देण्याआधी हीटर बंद करा. कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर माणसाच्या तोंडाच्या उंचीला, दीड मीटरवर. एलपीजीचा जमिनीपासून ३० सेंटीमीटरच्या आत. एकाच उंचीवर दोन्ही लावलेले दिसले तर त्यातला एक निरुपयोगी आहे. पाइपचा गॅस (नैसर्गिक वायू) घेतला तर तो हवेपेक्षा हलका असतो, म्हणून त्याचा डिटेक्टर छताजवळ जातो, आणि बर्नरचे जेटही बदलावे लागतात.

डक्टच्या तोंडाला गरम हवा सत्तर-ऐंशी अंशांच्या वर नको. एकाच झोतात हँकवर (सुताच्या लडीवर) हवा मारण्याऐवजी भोकं पाडलेल्या डक्टने ती पसरवा, आणि तोंडाला जाळीचा पिंजरा करा म्हणजे काठीवरून घसरलेला हँक तोंडावर जाऊन पडणार नाही. भिंतीतून डक्ट जातो तिथे फायर डॅम्पर, म्हणजे आग लागली की आपोआप पडून डक्ट बंद करणारी झडप, हवी. यात एक बारीक फसगत आहे: नेहमीच्या डॅम्परची वितळणारी कडी ७२ अंशांची असते. ऐंशी अंशांच्या हवेत ती पहिल्याच दिवशी वितळते, डॅम्पर पडतो, आणि मग कुणीतरी तो तारेने बांधून कायमचा उघडा ठेवतं. मागवतानाच १०० अंशांच्या वरची कडी मागवा.

जास्त तापमानाचा थर्मोस्टॅट, हाताने रीसेट करायचा, हीट एक्स्चेंजरच्या लगेच पुढे बसवा. डक्टच्या टोकाला बसवलेला चालत नाही. ब्लोअर थांबला तर हवा पुढे सरकतच नाही, टोक गार राहतं आणि एक्स्चेंजर लालबुंद होतो. वीज गेली तरी हेच होतं: सोलेनॉइड बंद होतो पण तापलेल्या लोखंडावरून हवा फिरत नाही. आठवड्यातून दोनदा वीज जात असेल तर ब्लोअर जनरेटरवर घ्या, आणि नेहमी बंद करताना ज्योत विझल्यावर ब्लोअर एक्स्चेंजर गार होईपर्यंत चालू राहील असं कंट्रोल सेट करा. कंट्रोलर बहुधा साठ अंशांपर्यंतच टिकतो. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत हा आकडा गाठायला वेळ लागत नाही, म्हणून पॅनेल भिंतीबाहेर सावलीत लावा.

फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले असतील किंवा अर्थिंग कच्चं असेल तर ज्योत ओळखणारी कांडी ज्योत असूनही ‘नाही’ म्हणते आणि बर्नर लॉकआउटला जातो, म्हणजे स्वतःला बंद करून घेतो. मग रीसेटचं बटण दाबणं सुरू होतं. प्रत्येक दाबण्याला थोडा न जळलेला गॅस आत साठतो. दोनदा रीसेट करूनही पेटला नाही तर गॅस बंद करून थांबायचं आणि तंत्रज्ञाला बोलवायचं, हे मुकादमाला लेखी द्या. पेटण्याआधी ब्लोअरने जळणाच्या पेटीतली हवा किमान चार वेळा बदलली पाहिजे. तो अर्धा-एक मिनिट ‘वाया जातो’ म्हणून टायमर कमी करणारे भेटतात. हवेच्या दाबाच्या स्विचला वायर जोडून बायपास केलेलं मशीनही तसंच. पॅनेल उघडून असा एखादा लोंबता जंपर (बायपासची वायर) आहे का, हे दर महिन्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

हंगामाच्या सुरुवातीला एक तपासणी चुकवू नका. बर्नर आधी पेटवा आणि हवेचा मोठा ब्लोअर नंतर सुरू करा, ज्योत बघत राहा. ब्लोअर लागताच ज्योत हलली, पिवळी झाली किंवा एका बाजूला वळली, तर एक्स्चेंजरला तडा गेला आहे आणि हवा धुराच्या बाजूला शिरते आहे. ब्लोअर थांबला की तोच धूर उलटा हवेच्या बाजूला येतो. तडा वेल्डिंगने बुजवू नका, शेजारी दुसरा जातो. एक्स्चेंजर बदला.

अग्निशमनाच्या साहित्याचं ‘बी’ प्रपत्र महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारीत आणि जुलैत भरायचं असतं. गॅस लाइनची साबण-चाचणी आणि चिमणीची सफाई त्याच दोन महिन्यांत बसवली की तारीख लक्षात राहते. हीटरच्या खोलीच्या दाराबाहेर सहा किलोची ड्राय पावडर ठेवा. गॅसची जळती धार मात्र व्हॉल्व्ह बंद होत असेल तरच विझवा. व्हॉल्व्ह बंद होत नसेल तर तिला जळू द्या, शेजारचे सिलिंडर पाण्याने गार ठेवा आणि माणसं बाहेर काढा. विझवलेली धार गळत राहिली तर तोच गॅस गटारातून शेडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पेटतो.